पगाराची स्लिप नाही? मग घरमालकाला नेमकं काय दाखवायचं

खापरखेड्यात खोली किरायानं बघायला गेलात, तर घरमालक सहसा पहिल्यांदा पगार विचारत नाही. तो विचारतो, "कुठं असता?" तुम्ही म्हणालात "प्लांटमध्ये" किंवा "वेकोलित", की बोलणं पुढं सरकतं: पाणी कधी येतं, लाइटबिल कसं वाटून घ्यायचं, गाडी कुठं लावायची. पण तुम्ही म्हणालात "स्वतःचं काम आहे", की तो जरा थांबतो. "म्हणजे काय काम?" आणि मग, "बरं, कळवतो."

नागपुरात फ्लॅट बघताना हाच प्रश्न एजंटच्या तोंडून कागदाच्या भाषेत येतो: तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, कंपनीचं ओळखपत्र. पुण्यात तर कधी ऑनलाइन फॉर्ममध्ये 'कंपनीचं नाव' हा रकाना भरल्याशिवाय पुढंच जाता येत नाही.

असंघटित कामाच्या नोंदी कशा ठेवल्या जातात, हा माझ्या पीएच.डी.च्या वाचनाचा भाग आहे. त्यामुळे आज हाच विषय घेतेय. कूलर दुरुस्ती, मोटर वाइंडिंग, शिवणकाम, शिकवणी, टिपर, फ्रीलान्स डिझाइन, यातलं तुमचं काहीही असो, तुमची कमाई खरी आहे हे दुसऱ्याला पटवायचं कसं? आणि हे पटवणं इतकं अवघड का होऊन बसलंय?

"कुठं असता?" या प्रश्नात काय दडलंय

खापरखेड्याचं उदाहरण मुद्दाम घेतलं. सावनेर तालुक्यातल्या या गावाची ओळखच महानिर्मितीच्या औष्णिक वीज केंद्रावर उभी आहे. २१० मेगावॅटचे चार आणि ५०० मेगावॅटचा एक संच, एकूण १३४० मेगावॅट. आजूबाजूला सिल्लेवाडा, वलनी, चनकापूर ही वेकोलिची कोळशाची नावं, आणि शेजारी कोराडीचं केंद्र. अशा गावात 'कायम नोकरी' म्हणजे काय हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. पगार ठरलेल्या तारखेला येतो, आणि माणूस पळाला तरी त्याचं ऑफिस कुठं आहे ते माहीत असतं.

पण त्याच प्लांटच्या भोवती बिनपगारी कमाईचं दुसरं गाव आहे. राख वाहणारे टिपर, विटांचे कारखाने, वेल्डिंगची दुकानं, मेस, पंक्चर, झेरॉक्स, छोटे ठेकेदार. यांच्यातल्या काहींची कमाई कायम कामगाराइतकी नसेल, पण अनेकांची खोलीच्या किरायाला पुरून उरते. तरी बाजू पडते ती यांचीच.

हे दुसरं गाव लहानही नाही. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार देशात काम करणाऱ्यांपैकी ५८.४ टक्के स्वयंरोजगारावर आहेत, आणि नियमित पगारावर २१.७ टक्के. पहिल्या आकड्यात शेतकरी आणि घरच्या धंद्यात बिनपगारी हात लावणारेही धरलेत, हे लक्षात ठेवा. तरी चित्र उलटं आहे हे दिसतंच. पगाराची स्लिप हा अपवाद आहे, आणि आपण तोच नियम समजून बसलोय.

आता घरमालकाच्या बाजूनं बघा. अशा गावात तो बहुतेक वेळा मोठा बिल्डर नसतो. वर दोन खोल्या काढलेल्या, त्यावर कर्ज, आणि किरायातून हप्ता जाणार. दोन महिने किराया थकला तर त्याचाच हप्ता चुकतो, आणि माणूस बाहेर काढायचा म्हटलं तर कोर्टकचेरी. त्याला दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: पैसा दर महिन्याला येतो का, आणि नाही आला तर धरायचं कुणाला? 'तुम्ही किती कमावता' हा प्रश्न त्यानंतरचा.

जुन्या गाडीचा बाजार आणि किरायाची खोली

अर्थशास्त्रात या अडचणीला नाव आहे: माहितीची विषमता. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन ती मांडली. गाडी चांगली की खटारा हे विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो, आणि चांगल्या गाडीवाल्याला खटाऱ्याचा भाव मिळतो. तुमच्या बाबतीत हेच होतं. तुमचा धंदा नीट चाललाय हे तुम्हाला माहीत, घरमालकाला नाही. मग तो सगळ्याच 'स्वतःचं काम' वाल्यांना एकाच मापानं मोजतो.

यातून बाहेर पडायची वाट मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये दाखवली. खऱ्या माणसानं असा संकेत द्यावा, जो त्याला सोपा आणि खोट्याला महाग पडेल. या दोघांना आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांना २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल याच कामासाठी मिळालं.

हा नियम लक्षात ठेवला की कागदांची निवड सोपी होते. प्रत्येक कागदाला एकच प्रश्न विचारायचा: हा कागद कुणी लिहिला? तुम्ही स्वतः लिहिला असेल, तर वजन कमी. तुमच्याशी काही देणंघेणं नसलेल्या तिसऱ्यानं, त्याच्या स्वतःच्या कामासाठी, महिन्यामागून महिना लिहून ठेवला असेल, तर वजन जास्त.

कोणत्या कागदाचं किती वजन

हलक्यापासून जडापर्यंत जाऊ या.

*स्टॅम्प पेपरवरचं प्रतिज्ञापत्र.* 'माझं मासिक उत्पन्न इतकं आहे' असं कुणीही लिहून नोटरी करून आणू शकतो. नोटरी सही खरी असल्याचं सांगतो, आकडा खरा असल्याचं नाही.

*उद्यम नोंदणी, गुमास्ता.* १ जुलै २०२० पासूनची उद्यम नोंदणी स्वतःच्या घोषणेवर होते. २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात दहापेक्षा कमी कामगार असतील तर फक्त सूचना द्यावी लागते. या कागदांवरून धंदा आहे आणि कधीपासून आहे ते कळतं. कमाई कळत नाही. तरीही जोडा, कारण 'पाच वर्षांपासून इथंच आहे' हे घरमालकाला ऐकायचंच असतं.

*तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला.* तो सरकारी योजनांसाठी असतो. त्याचा घोळ वेगळा आहे, पुढं सांगते.

*आयकर विवरणपत्र, म्हणजे आयटीआर.* आकडा तुम्हीच भरता, पण सरकारपुढं भरता आणि खोटा भरला तर भोगावं लागतं. दोन-तीन वर्षांचे सलग आयटीआर खोलीसाठी रातोरात उभे करता येत नाहीत. वजन त्यातच आहे.

*फॉर्म २६एएस आणि एआयएस.* इथं दुसरे तुमच्याबद्दल लिहितात. एखाद्या कंपनीनं ठेक्याचे पैसे देताना एक टक्का टीडीएस कापला, तर त्यावरून तुम्हाला किती पैसे दिले ते तिथं दिसतं. आयकर पोर्टलवरून फुकट निघतं.

*बँकेचं बारा महिन्यांचं स्टेटमेंट.* माझ्या मते हा सगळ्यात कामाचा कागद. बँकेला तुमच्या खोलीशी घेणं नाही, आणि त्यात रकमेसोबत नियमितपणाही दिसतो.

*आधीच्या किरायाचा माग.* मागच्या घराचा किराया दर महिन्याला यूपीआयनं किंवा चेकनं गेला असेल, तर त्या नोंदी आणि जुन्या मालकाची दोन ओळींची चिठ्ठी हा सर्वात थेट पुरावा आहे. कमाईवरून किराया देणार की नाही याचा अंदाज बांधावा लागतो. इथं अंदाजाची गरजच उरत नाही.

टिपरवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. ज्याच्याकडे दहा किंवा कमी मालवाहू गाड्या आहेत आणि ज्यानं पॅनसह तसं लिहून दिलंय, त्याचा टीडीएस कापला जात नाही. त्यामुळे प्रामाणिक वाहतूकदाराचा २६एएस कोरा दिसू शकतो. अशा वेळी आरसी, बिल्ट्या आणि फास्टॅगचं स्टेटमेंट ठेवा. गाडी महिनाभर पळत होती हे टोलनाक्यानं लिहून ठेवलेलं असतं.

आयटीआरमधला आठ टक्क्यांचा घोळ

आता तो प्रसंग, जिथं खरा कागद दाखवूनही माणूस अडकतो.

छोट्या धंद्याला हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागू नयेत म्हणून आयकर कायद्यात अनुमानित उत्पन्नाची सोय आहे. (कलमं मी १९६१ च्या कायद्यातली देतेय. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा येतो, त्यात क्रमांक बदललेत.) कलम ४४एडी म्हणतं, उलाढालीच्या किमान आठ टक्के नफा धरा, डिजिटल व्यवहारावर किमान सहा टक्के. डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आर्किटेक्ट अशा ठरावीक व्यावसायिकांना ४४एडीए, म्हणजे किमान पन्नास टक्के.

समजा वेल्डिंगच्या दुकानाची वर्षाची रोखीची उलाढाल ९ लाख आहे. आठ टक्क्यांनी उत्पन्न होतं ७२,०००, म्हणजे महिन्याला ६,०००. तुम्ही ५,००० च्या खोलीसाठी हा आयटीआर पुढं केला, तर घरमालक म्हणेल, "मग खाता काय?" प्रत्यक्षात हातात २५,००० राहत असतील, पण कागद तसं म्हणत नाही.

कायद्यातला 'किमान' हा शब्द इथं महत्त्वाचा. नफा जास्त झाला असेल तर जास्त दाखवायचा असतो. आठ टक्के ही खालची मर्यादा आहे, सगळ्यांनी भरायचा ठरलेला आकडा नव्हे.

टिपरचा हिशेब आणखी वेगळा. कलम ४४एई मध्ये बारा टनांहून जड गाडीला एकूण वजनाच्या प्रत्येक टनामागं महिन्याला १,००० रुपये उत्पन्न धरतात. २८ टनांची एक गाडी वर्षभर असेल तर २८,००० गुणिले १२, म्हणजे ३,३६,०००. एका गाडीचा मालक हा कागद दाखवून सात-आठ हजारांची खोली आरामात मागू शकतो.

कमी दाखवायचं की जास्त?

मोठी गाठ इथं आहे. एकाच माणसाला दोन खिडक्यांवर दोन उलट गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. घरमालकाला आणि बँकेला सांगायचं, 'माझं भागतं.' योजनेच्या खिडकीवर सांगायचं, 'माझं भागत नाही.' अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, लाडकी बहीण योजनेलाही अडीच लाख. म्हणून तहसीलचा दाखला शक्य तेवढा खाली राहावा असं घरोघरी वाटतं, आणि खोली बघायच्या दिवशी तोच दाखला नडतो.

पगारदाराच्या घरात ही ओढाताण नसते असं नाही, पण त्याचा आकडा मालकानं ठरवलेला असतो. स्वतःचं काम करणाऱ्याला आपला आकडा स्वतः लिहावा लागतो, म्हणून शंका त्याच्यावरच येते.

यावर मला एकच टिकाऊ उत्तर दिसतं: सगळीकडे एकच खरा आकडा. ते वाटतं तेवढं महागही नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत धंद्याच्या नेहमीच्या उत्पन्नावर १२ लाखांपर्यंत सूट धरून कर शून्य येतो. म्हणजे वर्षाला ३ लाख कमावणाऱ्यानं ७२,००० दाखवून करात एक रुपयाही वाचत नाही. वाचत काही नाही, आणि खोली, गाडीचं कर्ज, दुकानाचं कर्ज, सगळीकडे अडतं. मात्र खरा आकडा योजनेच्या मर्यादेवर जात असेल तर ती योजना सुटेल. हा तोटा खराच आहे, तो नाही असं मी म्हणणार नाही. घरात बसून, मुलांच्या फीसह, हिशेब मांडून मगच ठरवा.

कमाई कमी नसते, उंचसखल असते

बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या गरीब कुटुंबांच्या पैशाच्या रोजनिशा ठेवून लिहिलेलं 'पोर्टफोलिओज ऑफ द पुअर' हे पुस्तक २००९ मध्ये आलं. त्यातला मुख्य मुद्दा साधा आहे. कमी उत्पन्न ही अर्धी अडचण. ते कधी येईल याचा भरवसा नसणं ही उरलेली अर्धी.

आपल्याकडचं उदाहरण करू. कूलर, मोटर आणि वायरिंगचं काम करणारा एक काल्पनिक कारागीर घ्या. सामानाचा खर्च जाऊन हाती राहिलेले हजार रुपये, एप्रिल ते मार्च असे: ४२, ५५, ३०, १८, १६, २२, ३८, ४५, ४०, ३६, ३४, ४४. उन्हाळ्यात कूलर, दिवाळी-लग्नसराईत लाइटिंग, पावसाळ्यात मंदी.

एकूण ४,२०,०००, सरासरी ३५,०००. पण हा माणूस सप्टेंबरमध्ये खोली बघायला गेला आणि मागच्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट दाखवलं, तर घरमालकाला दिसतात ३०, १८ आणि १६. तोच मे महिन्याच्या शेवटी गेला तर दिसतात ४४, ४२, ५५. माणूस एकच, पुरावा वेगळा. 'तीन महिन्यांचा पुरावा' ही मागणी पगारासाठी बनलेली आहे. हंगामी धंद्याला तिचं माप चुकतं.

म्हणून बारा महिने दाखवा, आणि सोबत पडता काळ स्वतःहून दाखवा. सर्वात वाईट तीन महिने १८, १६ आणि २२, सरासरी साधारण १८,७००. किराया ६,००० असेल तर तो वाईट काळातही एक तृतीयांशाच्या आत बसतो. ही ओळ सरासरीपेक्षा जास्त पटते, कारण घरमालकाच्या मनातला प्रश्न जुलै-ऑगस्टचाच असतो.

ओळख नसेल तर?

तुम्ही म्हणाल, खापरखेड्यात कोण कागद बघतं? किराणावाल्याला एक फोन, "पोरगा कसा आहे?" आणि काम झालं. खरंय. किराणावाल्याची उधारीची वही हा गावातला क्रेडिट स्कोअरच आहे.

पण ओळख सगळ्यांकडे नसते, आणि ओळखीच्या आड बरंच काही लपतं. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांचा दिल्ली आणि भोवतालच्या शहरांतला अभ्यास २०१५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. वेगवेगळ्या समाजांच्या लोकांनी किरायाचं घर मागितलं, तेव्हा दलित आणि मुस्लिम अर्जदारांना नकार आणि जाचक अटी जास्त मिळाल्या. नकार तोंडावर जातीचं किंवा धर्माचं नाव घेऊनच येतो असं नाही. 'कुठं असता' पासून सुरू झालेला संवाद 'तुमचं पक्कं उत्पन्न नाही' इथं संपवणं सोपं असतं.

अशा नकाराला कागद औषध नाही. पण कागद पूर्ण असला की सबब उरत नाही, आणि निदान तुम्हाला कळतं की अडचण कमाईची नव्हती. परक्या गावातून आलेल्या, ओळख नसलेल्या माणसाकडे तेवढंच एक हत्यार असतं. म्हणून 'कागदपत्रांची कटकट' असं म्हणताना मी जरा थांबते.

आता करायचं काय

१. सगळी कमाई एका खात्यातून फिरवा. रोखीत धंदा असेल तर दर आठवड्याला ठरलेल्या वारी जमा करा. सहा महिन्यांत माग तयार होतो.

२. एका पानाचा सारांश करा. काम काय, कधीपासून, बारा महिन्यांची सरासरी, पडत्या तीन महिन्यांची सरासरी, सध्याचा किराया. मागं स्टेटमेंट आणि दोन आयटीआर.

३. मागायच्या आधी पाठवा. मेसेज असा चालेल: "नमस्कार काकाजी, खोलीबद्दल काल बोललो होतो. माझं मोटर वाइंडिंगचं काम आहे, सहा वर्षं झाली. पावसाळ्यात काम कमी असतं, म्हणून वर्षभराचा हिशेब दाखवायला आणतो. किराया दर महिन्याच्या ५ तारखेला खात्यावर येईल. आधीच्या घरमालकांचा नंबर देतो, त्यांच्याशी बोलून घ्या."

४. भरवसा कमी पडला तर पगारदार नातेवाईक जामीन म्हणून द्या, किंवा एक महिन्याची जास्त अनामत. अनामत ही माहितीची किंमत आहे, म्हणून ती मर्यादेतच ठेवा. २०२१ च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी कमाल दोन महिन्यांची शिफारस आहे. जे द्याल त्याची पावती घ्या.

५. करार नोंदवा. भाडे नियंत्रण कायदा १९९९ जिथं लागू आहे, तिथं कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. या नोंदणीला ओळखीचे कागद लागतात, उत्पन्नाचे नाही. आणि नोंदलेला करार पुढच्या घरासाठी तुमचाच पुरावा होतो.

६. कागद दाखवा, वाटू नका. आधार द्यायचं तर शेवटचे चारच आकडे दिसणारं. प्रतीवर 'फक्त खोलीच्या किरायासाठी' आणि तारीख लिहा. स्टेटमेंटमधली औषधांची, उसनवारीची नोंद झाकायला हरकत नाही. बँकेचा पासवर्ड किंवा ओटीपी कुणालाही नाही.

७. खोटी स्लिप नको. "माझ्या ठेकेदार मित्राकडून स्लिप काढून देतो" असं म्हणणारा कुणीतरी भेटतोच. बनावट कागद हा गुन्हा आहेच. शिवाय त्यानं तुमची खरी कमाई कधी नोंदलीच जात नाही, आणि पुढच्या घराला पुन्हा शून्यापासून सुरुवात.

पगारदाराचा पुरावा त्याचं ऑफिस लिहितं. स्वतःचं काम करणाऱ्याचा पुरावा बँक, गिऱ्हाईक, टोलनाका आणि जुना घरमालक मिळून लिहितात, पण तो गोळा तुम्हालाच करावा लागतो. खोली लागायच्या सहा महिने आधी सुरुवात केलीत, तर "कुठं असता?" ला तुमच्याकडे आपलं उत्तर तयार असेल: "इथंच असतो काकाजी, आणि हा बघा वर्षभराचा हिशेब."